चतकोर भाकरी आणि पथ्य

खंडाळा म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला बोरघाट आठवतो. हा खंडाळा तो नव्हे. हा सातारा जिल्ह्यातला, नीरा नदी आणि खंबाटकी घाट यांच्या मधल्या पट्ट्यातला तालुका. पावसाच्या बाबतीत कायम उधारीवर जगलेला, बाजरी-ज्वारीचा आणि मेंढरांचा. त्याच्या एका टोकाला लोणंद, कांद्याच्या आणि शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारामुळे सगळ्यांना ठाऊक असलेलं. दुसऱ्या टोकाला पुणे-सातारा रस्त्यावरचं शिरवळ. तिथे १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. लोणंदच्या बाजारात मेंढरांमागे बसलेलं धनगराचं कुत्रं आणि शिरवळच्या दवाखान्यात मालकाने दोन्ही हातांवर उचलून आणलेलं कुत्रं, यांच्यात रस्त्याने तासाभराचंही अंतर नाही. पण पहिल्याला काय खायला घालायचं हा प्रश्न कधी कुणाला पडला नाही आणि दुसऱ्याच्या बाबतीत तोच प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो. ‘डॉक्टर, याला खायला काय देऊ?’ हा प्रश्न या मुलखात नवा आहे. तो शहरी लाडातून आला, कंपन्यांच्या जाहिरातींतून आला, असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला ते पटत नाही. कुत्र्याची भाकरी ही इथली एक पूर्ण व्यवस्था होती आणि ती निरोगी, मोकळ्या, राबत्या कुत्र्यासाठी बेतलेली होती. व्यवस्थेचा बाकीचा भाग गळून गेला आणि नुसती भाकरी उरली. आजारी कुत्र्याचं पथ्य हा त्या व्यवस्थेवरचा शहरी उतारा नाही. माणसासाठी आणि बैलासाठी जे आपण शेकडो वर्षं करत आलो, ते कुत्र्यापर्यंत पोचायला उशीर झाला, एवढंच.

जुन्या घरात कुत्र्याचं जेवण वेगळं शिजत नसे. शिजलेल्यातला वाटा त्याचा असे. या वाट्याला धर्माचाही आधार होता. वैश्वदेवात शिजलेल्या अन्नाचा भाग कुत्र्यासाठी जमिनीवर ठेवायचा असतो आणि श्राद्धाच्या पंचबलीत गाय, कावळा, मुंगी यांच्याबरोबर श्वानबली येतोच. शेतकऱ्याच्या घरात पोथी नसली तरी रीत तीच होती. तव्यावरची शेवटची लहान भाकरी, नाहीतर जेवण उरकल्यावर ताटातला चतकोर तुकडा उंबऱ्याबाहेर पडायचा. नामदेवांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. कुत्रं पोळी पळवतं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावतात, कोरडी खाऊ नकोस म्हणून. गोष्ट भूतमात्री देव पाहण्याची आहे, आहारशास्त्राची नाही. तरी कोरडी पोळी कुत्र्याला पुरत नाही, हे तिच्यात अनायासे सांगितलं गेलंय. तूप सोसणारं कुत्रं कोणतं आणि न सोसणारं कोणतं, हा पुढचा प्रश्न. तिकडे येऊच.

धनगराच्या वाड्यावर हा वाटा आणखी स्पष्ट दिसतो. फलटण-खंडाळ्याकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जात आणि पावसाच्या तोंडाला परतत. वाटेत शेतकरी आपल्या रानात रात्री मेंढरं बसवून घेई. लेंडीखत शेताला मिळे आणि मोबदल्यात धनगराला धान्य. त्या धान्याच्या भाकऱ्या तीन दगडांच्या चुलीवर होत आणि त्यातल्या काही कुत्र्यांच्या असत. म्हणजे लांडग्यापासून मेंढरू राखायचं, त्या मेंढराने शेत खतावायचं, शेताने धान्य द्यायचं आणि त्या धान्याची भाकरी पुन्हा राखणदाराला, असा हा फेरा होता. पण कुत्रं फक्त त्या भाकरीवर जगत नव्हतं. मेंढीच्या दुधात किंवा ताकात भाकरी कुस्करली जाई. मेलेलं कोकरू, मेंढी व्यायल्यावर पडलेला झार, रानातले उंदीर-घुशी, ससा सापडला तर ससा, हे सगळं त्याच्या पोटात जाई आणि त्याचा हिशेब कुणी ठेवत नसे. मालकाला दिसे ती भाकरी. म्हणून ‘आमची कुत्री भाकरीवर वाढली’ हे वाक्य खरं असूनही अपुरं आहे.

आता मान आणि पथ्य यांतला फरक पाहा, कारण नेमका तिथे घोटाळा होतो. या भागात कुत्र्याला मान कमी नव्हता. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या कुत्र्याने शिकारीत वाघापासून त्यांना वाचवलं. महाराजांनी त्याच्या नावे जहागिरीची सनद केली, पालखी दिली, आणि भरजरी पोशाखात मिरवायला आलेल्या सरदाराच्या भेटीच्या वेळी दागिने घातलेल्या कुत्र्याच्याच डोक्यावर आपलं पागोटं ठेवलं. हे साताऱ्यात कंपनीचा प्रतिनिधी राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात नोंदलेलं आहे. त्या कुत्र्याचं नाव खंड्या म्हणून सांगतात आणि संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. नीरेपलीकडे जेजुरीला तर कुत्रं खंडोबाचं. वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री म्हणवत, भुंकत, आणि कोटंब्यातलं अन्न खाली वाकून तोंडाने खात. इतका मान. पण पागोटं, पालखी, सनद आणि कोटंबा यांत पथ्य कुठेच नाही. खंड्या म्हातारा झाल्यावर त्याला काय चारायचं हा दरबाराचा विषय नव्हता, आणि त्याचं आश्चर्य वाटायला नको.

आश्चर्य वाटावं ते दुसऱ्या गोष्टीचं: पथ्याची कल्पना इथे अतिशय मुरलेली होती. जुन्नरकडचा वैद्यकवी लोलिंबराज औषधापेक्षा पथ्याला वरचढ ठरवतो, आणि ते म्हातारीकोताऱ्यांच्या तोंडी असतंच. शालिहोत्राच्या नावावर घोड्यांचं शास्त्र, पालकाप्याच्या नावावर हत्तींचं; दोन्हींत ऋतूनुसार आणि रोगानुसार खाणं बदलायला सांगितलंय. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त शिकारी कुत्र्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे, पण ते राजाच्या विनोदाच्या भागात, उपयोग शिकारीचा. शेतकऱ्याच्या गोठ्यातही पथ्य होतं. राबणाऱ्या बैलाला सरकी-पेंड, व्यायलेल्या गाईला शिजवलेली बाजरी आणि गूळ, रवंथ बंद झाली की ओला चारा बंद. कुत्र्याला यातलं काहीच नव्हतं, एका ठळक अपवादाखेरीज. गल्लीतली कुत्री व्याली की पोरं घरोघर जाऊन मूठ-मूठ पीठ, गूळ आणि तेल गोळा करत. कुणाची तरी आई परसात तीन विटा मांडून शिरा करी आणि तो कोमट झाल्यावर पत्रावळीवर घालून पिलांच्या आईपुढे ठेवला जाई. कुत्रीच्या अवस्थेकडे पाहून केलेलं हे वेगळं जेवण म्हणजे खरंखुरं पथ्यच. म्हणजे कुत्र्याला पथ्य असू शकतं हे लोकांना कळत होतं. फक्त बाळंतपण डोळ्यांना दिसतं आणि मूत्रपिंड दिसत नाही.

सरकारी पशुवैद्यकाने ही उणीव भरून काढली असती, पण त्याचा जन्मच वेगळ्या गरजेतून झाला. लष्कराला घोडे हवे होते आणि सारा देणाऱ्या रयतेला बैल. १८७१ च्या गुरांच्या साथीवरच्या अहवालात धास्ती होती ती बुळकांडीची. १८८६ मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं आणि तिथून शिकून गेलेले डॉक्टर तालुक्याच्या दवाखान्यांत घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकत यांच्याशी झुंजत राहिले. ते बरोबरच होतं. ज्याचा एक बैल गेला त्याचं अर्धं वर्ष गेलं; कुत्रं गेलं तर दुसरं पिलू येई. कुत्र्याचा संबंध आला तो पिसाळण्यापुरता, म्हणजे माणसाच्या आरोग्यापुरता. शिरवळचं महाविद्यालय निघालं तेव्हाही ते राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या छायेत, शेती आणि दूध यांच्या हिशेबात होतं. २००० मध्ये पशुवैद्यकासाठी नागपूरला वेगळं विद्यापीठ झालं आणि हे महाविद्यालय त्याच्याकडे गेलं. पशुवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात कुत्रं होतं, पण तालुक्याच्या रोजच्या ओपीडीत ते मागच्या दाराने आलं.

आता भाकरीचीच झडती घेऊ, कारण या वादाचा जीव तिथे आहे. १९१८-१९ मध्ये लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी या शास्त्रज्ञाने कुत्र्याची पिल्लं घरात ठेवून त्यांना मुख्यतः ओटची लापशी, पाव असं धान्य चारलं. काही महिन्यांत पिल्लांचे पाय वाकले, मुडदूस झाला. कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं की मुडदूस टळे. त्यातूनच पुढे ‘ड’ जीवनसत्त्वाचा शोध लागला. मजा अशी की ज्या ओटला तिकडे पोरांच्या हाडामांसाचं अन्न समजत, तोच सगळ्यात वाईट ठरला. मेलनबीच्या पिल्लांना ऊन नव्हतं, आपल्या कुत्र्यांना आहे, असं कुणी म्हणेल. पण कुत्र्याच्या कातडीत उन्हाने ‘ड’ जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही, हे १९९० च्या दशकात सिद्ध झालंय. कुत्र्याला ते खाण्यातूनच मिळवावं लागतं. दुसरा पुरावा घराजवळचा. ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या दख्खनच्या गरिबांत पेलाग्रा हा रोग का दिसतो, याचा शोध हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी १९६० च्या दशकात घेत होते. ज्वारीत ल्युसिन हे अमायनो आम्ल जास्त असतं आणि त्यामुळे शरीरातल्या नायासिनचं गणित बिघडतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो त्यांनी पडताळला कशावर? कुत्र्याच्या पिल्लांवर. आहारात जादा ल्युसिन मिळालेल्या पिल्लांची जीभ काळी पडली. माणसाचा पेलाग्रा तीच कुत्र्याची काळी जीभ, हे अमेरिकेत मक्याच्या बाबतीत आधीच ठरलं होतं. म्हणजे आपल्या मालदांडी ज्वारीची कडक, चवदार भाकरी एकटी असली तर माणसालाही पुरत नाही आणि कुत्र्यालाही.

मग भाकरी कुत्र्याच्या निसर्गाविरुद्ध आहे का? नाही, उलट्या टोकाला जायचं कारण नाही. २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी लांडग्याचा आणि कुत्र्याचा जनुकसंच ताडून पाहिला. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेझच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती, कुत्र्यांत चारापासून तीसपर्यंत. माणसाने शेती केली, कुत्रं त्याच्या उकिरड्याशी राहिलं आणि त्याचं पोट धान्याला सरावलं. ‘कुत्रं म्हणजे लांडगा, त्याला कच्चं मांसच द्या’ असा एक आक्षेप अलीकडे शहरांतून ऐकू येतो. त्याला हे उत्तर पुरेसं आहे. धान्य टाळण्याच्या हौसेचा दुसरा धडा अमेरिकेतून आला. धान्यविरहित, वाटाणा-मसूर भरलेलं खाणं आणि कुत्र्यांमधला हृदयाच्या स्नायूचा एक आजार यांचा संबंध असावा, अशी सूचना तिथल्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये काढली. कारण अजून पक्कं ठरलेलं नाही. तेवढ्यावरून डाळीला बदनाम करायला नको, पण धान्य हाच गुन्हेगार असल्याची खात्रीही धरता येत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र घरचा आहे: पिढ्यान्‌पिढ्या आमची कुत्री याच भाकरीवर जगली, कुठे कुणाला काय झालं? याचा पहिला अर्धा भाग वर आला. ती नुसत्या भाकरीवर जगली नाहीत. दुसरा अर्धा असा की ज्यांना काही झालं ती कुणी मोजली नाहीत. दहातली दोन-तीन पिल्लं वर्ष ओलांडत. वाकड्या पायाचं, खंगलेलं आपोआप मागे पडे. जगली ती दणकट, आणि त्या दणकटपणाचं श्रेय आपण भाकरीला दिलं. शिवाय म्हातारपणाचे रोग दिसायला आधी म्हातारं व्हावं लागतं. मूत्रपिंड हळूहळू निकामी होणं, मधुमेह, हृदयाची वाढ ही सात-आठ वर्षांनंतरची दुखणी. लांडग्याशी झुंजणाऱ्या, रस्ता ओलांडणाऱ्या, गोचिडतापाने कावलेल्या कुत्र्यांतली कितीशी तिथवर पोचत? दुष्काळात तर वाट्यावरच पहिली कुऱ्हाड पडे. १९७२ ला माणसंच सुकडी आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोवर दिवस काढत होती; उंबऱ्याबाहेर टाकायला चतकोर आणणार कुठून?

गेल्या तीस-चाळीस वर्षांत व्यवस्थेचा बाकीचा भाग गळाला तो असा. शिरवळ-खंडाळ्याच्या माळावर कारखाने आले, महामार्ग रुंदावला, प्लॉट पडले, त्यांना कुंपणं आली आणि कुत्र्याच्या गळ्यात साखळी. साखळीतल्या कुत्र्याला उंदीर नाही, झार नाही, मैलोन्‌मैल चालणं नाही. त्याच्या पुढ्यात उरली दूध-भाकरी किंवा दूध-चपाती आणि तिच्या जोडीला चिकनच्या दुकानातली मुंडकी, पाय आणि कातडं. पूर्वी मांस दुर्मिळ होतं, आता त्यातली चरबी स्वस्त झाली. त्यात लॅब्राडोर आला. या जातीतल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांत पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या जनुकातच उणीव असते, हे २०१६ मध्ये कळलं. ती जात खाताना थांबत नाही. आणि आपण प्रेमाने घालणारे. अठ्ठेचाळीस लॅब्राडोरांवर जन्मापासून मरेपर्यंत चाललेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं दिलं गेलं. कमी खाणारी कुत्री सरासरीने पावणेदोन वर्षांहून जास्त जगली आणि त्यांचं सांधेदुखीचं दुखणंही उशिरा आलं. प्रयोग एका पशुखाद्य कंपनीनेच केला होता, आणि निष्कर्ष कमी खपाच्या बाजूचा. म्हणून मला तो जास्त विश्वासाचा वाटतो. ज्या आजारी कुत्र्याला काहीही पथ्य सांगायचं असेल, त्याच्या मालकाला आधी एवढंच सांगावं: पूर्ण भाकरीतला चतकोर काढून ठेवा.

आपल्या जिल्ह्यांची म्हणून दोन पिकं या ताटात विशेष जपून घ्यावी लागतात. एक लोणंदचा कांदा. कांदा खाऊन कुत्र्याला रक्तक्षय होतो हे अमेरिकेत १९३० मध्येच प्रयोगाने दाखवलं गेलं. कांद्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांनी तांबड्या पेशी फुटतात आणि तो शिजवला तरी दोष जात नाही. वजनाच्या दर किलोमागे पंधरा ते तीस ग्रॅम कांदा एकदम पोटात गेला तर रक्तात फरक दिसतो, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला तीनशे ग्रॅम पुरे. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नावाने कुत्र्यापुढे ठेवलेला भरीत-रोडग्याचा घास एवढं करणार नाही. पण रोज कांदा-लसणाच्या रश्शात कुस्करलेली भाकरी हा रोजचा थोडा-थोडा कांदाच असतो, आणि आधीच अशक्त कुत्र्याला तो सोसत नाही. दुसरं सांगली-तासगावचं द्राक्ष आणि त्याचा बेदाणा. २००० नंतर अमेरिकेतल्या विषबाधा केंद्राच्या नोंदींतून लक्षात आलं की द्राक्षं किंवा बेदाणे खाल्लेल्या काही कुत्र्यांची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत बंद पडतात. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल त्यामागे असावं, असं २०२१ पासून मानलं जातं. किती खाल्लं तर बाधेल याचा नेम नाही. तासगावकडे बेदाण्याच्या शेडवर राखणीला कुत्रं असतं आणि खाली सांडलेला माल झाडून टाकलेला असतो. मूत्रपिंडाने आजारी कुत्र्याबद्दल बोलताना तिकडच्या डॉक्टरला ‘बेदाणे खाल्ले का?’ हा प्रश्न आधी विचारावा लागेल.

इथे रोगाचा मुद्दा येतो. एकच भाकरी सगळ्या कुत्र्यांना चालवण्यात जुन्या रीतीची सोय होती; आजारात तीच अडचण होते, कारण दोन आजारांची मागणी एकमेकांच्या उलट असते. १८९३ मध्ये पावलोव आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांचं आतड्याकडचं रक्त यकृताला वळसा घालून नेलं. अशा कुत्र्यांना मांस दिलं की त्यांना झटके येत, त्यांची दृष्टी जाई, ती भ्रमल्यासारखी करत; दूध-पावावर ती बरी राहत. मांसातल्या प्रथिनांचा अमोनिया यकृताविना निवळत नव्हता. म्हणजे यकृत खराब झालेल्या कुत्र्याला ‘अशक्त झालंय’ म्हणून मटणाचं सूप पाजणारा मालक त्याचं नुकसान करतो आणि शेजारी हिणवतात ती दूध-भाकरी तिथे जास्त जवळची ठरते. मूत्रपिंडाच्या रोग्यात मात्र दूध, हाडांचं सूप आणि बाजरी-ज्वारी हीच फॉस्फरसची कोठारं. पांढऱ्या तांदळात तो ज्वारीच्या निम्म्याहूनही कमी. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अडतीस मूत्रपिंडरोगी कुत्र्यांना दोन गटांत वाटून, एका गटाला कमी फॉस्फरस आणि बेताच्या प्रथिनांचा आहार दिला गेला. २००२ च्या त्या अहवालानुसार पथ्यावरची कुत्री जास्त काळ जगली आणि रक्तात विष चढण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी आले. स्वादुपिंडाला सूज आलेल्या कुत्र्याची गोष्ट आणखी निराळी. कुत्र्याला तूप पचत नाही असं लोक म्हणतात. निरोगी कुत्र्याला ते बऱ्यापैकी पचतं, पण या रोग्यासाठी ते वाक्य अक्षरशः खरं आहे. चिकनचं कातडं त्याला पुन्हा सलाइनवर नेतं. मधुमेही कुत्र्याचं पथ्य तर पदार्थात कमी आणि घड्याळात जास्त असतं: दोन ठरलेल्या वेळा, ठरलेलं माप, त्याच्याशी बांधलेलं इन्सुलिन. उंबऱ्याबाहेर जेव्हा-तेव्हा पडणाऱ्या तुकड्याच्या रीतीला हे सगळ्यात कठीण जातं, आणि लाडाने खाऊ घालणारे आजोबा घरात असले तर आणखीच.

यावर तिसरा आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही: पथ्याची पाकिटं म्हणजे कंपन्यांचा धंदा. धंदा आहेच. १८६० च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट याने कुत्र्यांसाठी बिस्किटं विकायला काढली, तेव्हापासून तो आहे. पण रोगाच्या पथ्याची सुरुवात वेगळ्या जागी झाली. १९३० च्या दशकाच्या अखेरीला न्यू जर्सीतल्या मार्क मॉरिस या पशुवैद्याकडे अंध गृहस्थ मॉरिस फ्रँक आपलं वाट दाखवणारं कुत्रं घेऊन आले. मूत्रपिंडं बिघडलेली. मॉरिसने त्याच्यासाठी घरच्या स्वयंपाकघरात आहार बेतला आणि काचेच्या बरण्यांत भरून दिला. बरण्या वाटेत फुटू लागल्या म्हणून डबे आले, आणि १९४८ मध्ये कॅन्ससमधल्या एका डबाबंद मांसाच्या कंपनीशी करार झाला. आधी रोगी, मग बरणी, मग कंपनी. आजच्या बाजारात हा क्रम उलटा झालाय हे कबूल. ‘इम्युनिटी’, ‘शाइनी कोट’ असं छापलेलं साधं पाकीट आणि मूत्रपिंडासाठी बेतलेलं पाकीट दुकानात शेजारी-शेजारी असतात आणि दुकानदार दोन्ही सारख्याच खात्रीने विकतो. त्यावर उपाय पाकीट फेकण्याचा नाही, रक्त-लघवीची तपासणी आधी करण्याचा आहे. क्रिएटिनिन, फॉस्फरस, साखर हे आकडे हातात नसताना निवडलेलं पथ्य हा अंदाजच असतो, मग ते पाकिटातलं असो की पातेल्यातलं.

आणि शेवटचा आक्षेप पैशाचा. मजुरीवर जगणाऱ्याने हे महागडं खाणं आणायचं कुठून? खरं आहे. घरी शिजवा म्हणणंही सोपं नाही. कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी २०१३ मध्ये पुस्तकांतल्या आणि इतरत्र मिळालेल्या दोनशे घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांतल्या पंचाण्णव टक्क्यांत किमान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. पशुवैद्यांनी लिहिलेल्याही त्यात होत्या. पण पूर्णत्वाची ही अट आयुष्यभर चालणाऱ्या आहाराची आहे. तालुक्याच्या दवाखान्यात आलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत इथल्या स्वयंपाकघरातूनच बरंच करता येतं, डॉक्टर सांगेल त्या मापाने. मूत्रपिंडाच्या रोग्याला भाकरीऐवजी मऊ भात, त्यात थोडं तेल, अंड्याचा पांढरा भाग. हाडं आणि दूध बंद. अंड्याचं कवच कुटून पीठ केलं तर ते कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि जेवणातच मिसळलं तर काही फॉस्फरस आतड्यातच अडकवून ठेवतं. चमचा किती, ते वजनावर आणि तपासणीवर. मिठाचा रस्सा नाही, कांदा नाही. शिरवळसारख्या महाविद्यालयाला यात एक काम सहज करता येण्यासारखं आहे: बाजरी, ज्वारी, तांदूळ, नाचणी, अंडं, ताक, चिकन हे इथल्या चुलीवरचे जिन्नस धरून दर आजाराचं एक-एक पान मराठीत छापायचं, किलो-किलोच्या हिशेबाने, आणि तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात ठेवायचं. व्यायलेल्या कुत्रीसाठी पीठ-गूळ मागत फिरणाऱ्या पोरांना त्यातलं अर्धं आधीच येतं.